मृत्युपत्र नसेल तर सावत्र नात्याचा वारसा कसा सिद्ध होतो?

सेलू किंवा जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या गावात वडील वारले, मृत्युपत्र नाही, आणि पहिल्या बायकोचा मुलगा वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे गेला, की घरातून एक वाक्य हमखास ऐकू येते: “तो सावत्र आहे, त्याला हक्क नाही.” हे चुकीचे आहे. तो सावत्र आहे तो हयात सावत्र आईला आणि तिच्या मुलांना. मृत वडिलांचा तो सख्खाच मुलगा आहे. वारसा ठरवताना मृत व्यक्तीशी नाते काय होते एवढेच पाहिले जाते. मराठीत ‘सावत्र’ हा एकच शब्द अनेक नात्यांना वापरतात, आणि बरेच वाद तिथूनच सुरू होतात.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगे, मुली, विधवा आणि आई यांना प्रत्येकी समान वाटा मिळतो. दोन बायकांची मुले असली तरी सगळी बरोबरीची. बायकोने पहिल्या नवऱ्यापासूनचे मूल सोबत आणले असेल, तर ते मात्र सावत्र बापाचे वारस होत नाही. शाळेच्या दाखल्यावर सावत्र बापाचे नाव लागले, त्यानेच लहानाचे मोठे केले, तरीही नाही. त्याला रीतसर दत्तक घेतले असेल तर गोष्ट वेगळी. पण त्या मुलाची आई विधवा म्हणून वाटा घेते आणि तिच्यानंतर तिचे मूल म्हणून तो त्याच्याकडे येऊ शकतो. शिवाय स्वतःच्या बापाच्या जमिनीतला त्याचा हक्क आईने दुसरे लग्न केल्याने जात नाही.

सावत्र आई वारली तर हिशेब अधिक किचकट होतो. स्त्रीचे पहिले वारस तिची मुले आणि नवरा. या कलमातल्या ‘मुलगा’ शब्दात सावत्र मुलगा येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग या खटल्यात स्पष्ट केले. मात्र तिला मूलबाळ, नातवंड आणि नवरा यांपैकी कोणीच हयात नसेल, तर पुढचा क्रम ‘नवऱ्याच्या वारसां’चा लागतो आणि तिथे सावत्र मुलगा किंवा मुलगी नवऱ्याचे अपत्य म्हणून येते, तेही तिच्या सख्ख्या भावाबहिणींच्या आधी. तिला माहेरहून वारशाने आलेली जमीन मात्र निपुत्रिक असताना तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

म्हणजे सावत्र मुलाला अशा वेळी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आपण अमक्याचे अपत्य आहोत, त्या अमक्याचे मृत स्त्रीशी कायदेशीर लग्न झाले होते, आणि तिच्यामागे जवळचा वारस कोणी उरलेला नाही. इथे डीएनए चाचणीचा आग्रह धरणारे लोक भेटतात. सावत्र आईशी रक्ताचे नातेच नसते, तेव्हा तिच्या बाबतीत ती चाचणी काहीच सांगणार नाही. मधला दुवा लग्नाचा आहे.

नेमका तोच दुवा कागदावर सापडत नाही. जुन्या पिढीत पाट किंवा म्होतूर लावून झालेल्या लग्नांची नोंद बहुधा कुठेच नसते. रूढीप्रमाणे झालेले लग्न कायद्याला मान्य आहे, पण ते झाले हे दाखवावे लागते. त्यासाठी लग्नपत्रिका, रेशन कार्ड, मतदार यादी, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, लग्नाला हजर असलेले वयस्कर साक्षीदार उपयोगी पडतात. वाद सुरू होण्यापूर्वी घरातल्या आता हयात नसलेल्या जाणत्या माणसाने नात्याबद्दल काही लिहून ठेवले असेल, तर तोही पुरावा ठरतो. अपत्य कोणाचे हे दाखवायला जन्मनोंद, कोतवाल बुकाचा उतारा आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने जुने महसुली कागद उर्दूत किंवा मोडीत निघतात. अधिकृत भाषांतर जोडल्याशिवाय त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

पहिली बायको हयात असताना आणि घटस्फोट न होता १८ मे १९५५ नंतर दुसरे लग्न झाले असेल, तर ते मुळातच रद्दबातल. ती दुसरी स्त्री विधवा म्हणून वारस होत नाही, तिची मुले मात्र वडिलांची वारस होतात. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आले असते त्यातही त्यांना हिस्सा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला.

शेतजमिनीची वारस नोंद तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६-क मध्ये घेतात. अर्जासोबत सर्व वारसांची नावे शपथेवर द्यावी लागतात, आणि नावे गाळली जातात ती इथेच. नोटीस निघाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेता येते. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. पण फेरफाराने मालकी ठरत नाही. सात-बारावर नाव चढले नाही म्हणून हक्क बुडत नाही, आणि चढले म्हणून तो निर्माणही होत नाही. नाते कोणी नाकारत असेल तर निर्णय दिवाणी न्यायालयाचा.

बँकेतल्या ठेवींसाठी वाद असल्यास न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. ते जमिनीला चालत नाही. खात्यावर नॉमिनी म्हणून सावत्र मुलाचे नाव असले तर बँक त्याला पैसे देईल, पण ते खऱ्या वारसांच्या वतीने सांभाळण्यापुरते.

मुस्लिम कुटुंबांत हा कायदा लागू नाही. तिथे सावत्र आई-बाप आणि सावत्र मुले केवळ त्या नात्याने एकमेकांची वारस होत नाहीत. वसियतनामा केला तरी इतर वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेपर्यंतच देता येते.