दिव्याची कीर्द-खतावणी

मराठी माणूस कुठलीही गोष्ट संपवायला मोठा भितो. तो नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. हातातली बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणतो. अशा माणसाला दिवा विझवायला सांगायचं म्हणजे पंचाईतच. म्हणून त्यानं तोडगा काढला. तो दिवा विझवत नाही, मालवतो. फारच सोवळ्यातला असला तर 'शांत' करतो. ज्या भाषेत दिवा विझवणं अपशकुनाचं, त्या भाषेत विजेच्या बचतीचा प्रचार करायचा म्हणजे सरकारची काय तारांबळ उडत असेल! तरी बिचारं दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा बचत दिन पाळतं, आणि शाळेतली पोरं भर दुपारी घोषणा देत 'दिवे घालवा' म्हणून हिंडतात.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की मी बँकेत कारकून आहे आणि बचत हा आमचा पोटापाण्याचा धंदा आहे. शिवाय मी बी. कॉम. आहे. बी. कॉम. झालेल्या माणसाला जगातलं फारसं काही कळत नाही, पण एक गोष्ट मात्र मरेपर्यंत विसरता येत नाही: कुठल्याही खात्यात काही जमा झालं, की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात तेवढंच नावे पडलेलं असतं. ते सापडत नसेल तर संध्याकाळी सातपर्यंत बसून शोधायचं. याच खोडीमुळे मी आमच्या घरातल्या दिव्याची जुनी खाती उघडली.

पहिलं खातं आजीचं. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिचा संसार झाला. आज 'पर्यावरणपूरक जीवनशैली' म्हणून जे काही मासिकांतून गुळगुळीत कागदावर छापून येतं, ते सगळं आजी कुणाला न सांगता करत होती. तिच्या चुलीला वैल होता. चुलीवर भाकरी चालली, की उरलेल्या धगीवर वैलावर आमटी. चूल शांत झाली की निखाऱ्यांवर दूध, निखारे विझत आले की राखेत वांगं, आणि राख गार झाली की तीच राख भांडी घासायला. एकाच लाकडाकडून इतकी कामं करून घेणारी बाई आमच्या बँकेत असती तर तिनं चार कारकुनांच्या जागा सहज रद्द केल्या असत्या. रात्री स्वयंपाकघरात रॉकेलची चिमणी, ओसरीवर कंदील, आणि जेवणं झाली की कंदिलाची वात इतकी बारीक, की कंदील चालू आहे हे पाहायला दुसरा कंदील आणावा लागे.

हे सारं मी मोठ्या अभिमानानं सांगतो, तेव्हा आई मध्येच म्हणते, "आणि त्यांचा खोकला?" मग मी गप्प होतो. आजी खोकायची. जन्मभर खोकायची. तिचे डोळे कायम लाल आणि पाणावलेले. आम्हां नातवंडांना वाटायचं, आजी फार मायाळू आहे म्हणून तिला सारखं रडू येतं. तो चुलीचा धूर होता. लाकडाचं बचत खातं असं शिगोशीग भरलं, आणि नावे पडलं ते आजीच्या छातीत. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांत पुरुष जास्त का असतात, याचा उलगडा मला इथे झाला. फुंकणी त्यांच्या हातात नव्हती.

आजी चिमणी पुसत होती त्याच्या कितीतरी आधी मुंबईत उजेड पडला होता. १८६५ साली तिथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले. म्हणजे मुंबईकरांनी विजेच्या उजेडात पहिलं काम कुठलं केलं असेल, तर भाजीची घासाघीस! १९०७ साली ट्राम विजेवर धावू लागली. मग टाटांनी लोणावळ्याकडचं पावसाचं पाणी अडवून घाटाखाली सोडलं आणि १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कोळशाच्या धुराऐवजी पाण्याची वीज! इतकी स्वच्छ, इतकी पर्यावरणपूरक, की आज असती तर तिला दोन-चार पुरस्कार मिळाले असते.

जमेची बाजू झाली. आता नावेची.

खोपोलीनंतर मुळशीची पाळी आली. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं आणि मावळातल्या शेतकऱ्यांची भाताची खाचरं त्याखाली जायची झाली. १९२१ साली मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट तिथे पुढे आले. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनंच दिली. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांत हा लढा मोजतात. सत्याग्रह तीन वर्षं चालला आणि मोडला. बापट तुरुंगात गेले. १९२५ साली मुंबईत व्ही.टी. ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली, आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचं वीजकेंद्र चालू झालं. गाडीत बसलेल्या चाकरमान्याला मुळशीतल्या भाताशी आपला काही संबंध आहे, हे कळायचं कारण नव्हतं. वीज तारेतून येते, आणि तारेवर पत्ता लिहिलेला नसतो.

आमच्या जिल्ह्यात १९६२ साली कोयनेच्या पहिल्या टप्प्यातून वीज निघाली. निघाली ती मुंबई-पुण्याकडे. आजी सांगायची, की डोंगरावरून मोठमोठे मनोरे गेले, त्यांच्यावरून तारा गेल्या, आणि त्या ताराखालून ती चिमणीत घालायला रॉकेल आणायला जायची. कोयनेच्या जलाशयाखाली गावंच्या गावं गेली, माणसं देव आणि जाती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यांत वसायला गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली. आजी त्या पहाटेबद्दल कधी फार बोलत नसे. फक्त पुढे आमच्या घरी वीज आली तेव्हा रिकाम्या खोलीत दिवा दिसला, की ती उठून तो घालवायची आणि म्हणायची, "तिकडं माणसं उठलीत ह्याच्यासाठी." आम्हाला तेव्हा वाटायचं, म्हातारी बिलाला घाबरते.

नंतरचं खातं आईबाबांचं. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल आखडतं घेतलं आणि काही महिन्यांत तीन डॉलरच्या आसपासचं पिंप जवळजवळ चौपट महाग झालं. अरबस्तानातल्या शेखांचा आणि आमच्या बिऱ्हाडाचा त्यापूर्वी काही परिचय नव्हता. पण तेव्हापासून रॉकेलच्या रांगेत तो रोज होऊ लागला. १९७८ साली इंधन बचतीसाठी सरकारनं स्वतंत्र संस्था काढली. तिनं गृहिणींना उपदेश सुरू केला: भांड्यावर झाकण ठेवा, डाळ आधी भिजत घाला, उकळी आली की ज्योत बारीक करा. हे ऐकून आजी म्हणाली म्हणे, "एवढं सांगायला दिल्लीहून माणसं लागतात?"

उपदेश मात्र शास्त्राला धरून होता. पाणी एकदा उकळलं, की खाली कितीही जाळ करा, ते शंभर अंशांच्या वर जात नाही. जास्तीचा जाळ फक्त वाफ करतो आणि खिडकीची काच धुतो. यावर इलाज फ्रान्सच्या देनी पापँनं १६७९ सालीच लंडनला दाखवला होता: झाकण घट्ट लावा, वाफ कोंडा. दाब वाढला की पाणी एकशेवीस अंशांपर्यंत तापतं आणि तूर डाळही शरण येते. भारतात प्रेशर कुकर बनू लागले ते १९५९ च्या सुमारास. म्हणजे पापँच्या शिट्टीचा आवाज मराठी स्वयंपाकघरात पोचायला पावणेतीनशे वर्षं लागली. सरकारी टपाल त्या मानानं लवकर येतं.

आमच्याकडे दोन स्टोव्ह होते, पंपाचा आणि वातीचा. पंपाचा फुरफुरायचा, वातीचा रुसायचा. पंपाच्या स्टोव्हला पिन मारणं हा पुरुषांनी स्वयंपाकात केलेला एकमेव हातभार, आणि बाबा तो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्यानं करत. गॅसचा नंबर लागायला काही वर्षं गेली. ज्या दिवशी सिलिंडर घरी आला, त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. आजीनं लांबून ती निळी ज्योत पाहिली आणि विचारलं, "धूर कुठनं जातो?" धूर नाही म्हटल्यावर ती बराच वेळ तिथेच बसून राहिली.

आता एका साहेबाची ओळख करून देतो. बी. कॉम.ला अर्थशास्त्रात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाचे एक गृहस्थ सीमांत उपयोगितेच्या प्रकरणात भेटतात आणि परीक्षेत सहा मार्कांपुरते टिकतात. त्यांनी १८६५ साली, म्हणजे मुंबईत गॅसचे दिवे लागत होते त्याच साली, 'द कोल क्वेश्चन' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की वाफेचं यंत्र काटकसरी झालं म्हणून कोळसा वाचला नाही, उलट जास्त जळला. थोडक्या कोळशात काम होतंय म्हटल्यावर जो तो यंत्रं लावत सुटला!

साहेब आमच्या घरी कधी आले नव्हते, पण वर्णन आमच्या घराचं आहे. बाबांच्या बिऱ्हाडात साठ वॅटचे चार बल्ब होते: एकूण दोनशे चाळीस वॅट. आज तेवढाच उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. २०१५ साली सरकारनं 'उजाला' योजना काढली; २०१४ मध्ये सरकारी खरेदीत जो दिवा ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, आणि छत्तीस कोटींहून जास्त दिवे देशभर गेले. हिशेबानं आमच्या घरात छत्तीस वॅट पुरायला हवेत. परवा मोजले तर सतरा दिवे निघाले. एक देवघरात, एक आरशावर, एक त्या आरशाकडे जाणाऱ्या वाटेवर, आणि चिरंजीवांनी टीव्हीच्या पाठीमागे एक निळा लावलाय, त्याचं प्रयोजन विचारल्यावर "वातावरण" असं उत्तर मिळालं.

तरी एकशे त्रेपन्न वॅट होतात, म्हणजे दिव्यांपुरते जेव्हन्ससाहेब पुरते जिंकलेले नाहीत. घरच्या वापरात बचतीचा काही भागच असा परत खर्च होतो. पण साहेबांनी दुसऱ्या खोलीतून डाव साधला. दीड टनाचा एसी जोरात चालला की सुमारे दीड हजार वॅट घेतो. म्हणजे दीडशेहून अधिक एलईडी दिवे एकदम. इकडे मी पॅसेजमधला नऊ वॅटचा दिवा वीरश्रीनं घालवतो, आणि तिकडे चिरंजीव अठरा अंशांवर एसी लावून रजई पांघरतात! २०२० पासून नवे एसी चालू करताना चोवीस अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि एक अंश वर सरकवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. हे मी चिरंजीवांना सांगितलं. ते रजईतून "हं" म्हणाले.

पण म्हणून वीज जास्त वापरणं सगळंच पाप, असंही खातं मांडता येत नाही. १९४७ साली या देशात माणशी वर्षाला सोळा-एक युनिट वीज लागत होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे १३९५ युनिट झाली. या वाढीत कुणाच्या तरी आजीच्या घरातला पहिला बल्ब आहे, गावच्या दवाखान्यातला लशींचा फ्रीज आहे. ती बचत करायची म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी हातात फुंकणी देणं. आजीचं देणं वेगळं आणि टीव्हीमागचं वातावरण वेगळं, एवढं मात्र कारकुनालाही कळतं. काटकसर करायची ती दुसऱ्या खात्यात.

आम्ही आता तसं करतो. पंचाहत्तर वॅटचे जुने पंखे गेले आणि तीस वॅटच्या आसपास चालणारे आले. डाळ भिजत पडते, कुकर दोन मजली लागतो. दर रविवारी मी मीटर वाचून बँकेच्या जुन्या डायरीत आकडा टिपतो आणि मागल्या आठवड्याशी ताडून पाहतो. सौ. त्याला 'ऑडिट' म्हणते आणि त्या वेळी पाहुणे येऊ नयेत अशी काळजी घेते.

महिन्याला बिल येतं. त्यावर रकाने किती! स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. आता आपली बरीचशी वीज कोळशाची. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, तो कुठल्या तरी गावाजवळच्या जमिनीतून निघतो आणि त्याची राख कुठल्या तरी गावाच्या शिवारात पडते. मुळशीच्या भाताचा, कोयनेच्या उठलेल्या माणसांचा, त्या राखेचा रकाना बिलावर नाही. मी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं. जो रकाना छापलेला नाही, तो बटणावर हात ठेवूनच भरावा लागतो, असं मी परवा रात्री दिवाणखान्यात उभं राहून घरच्यांना सविस्तर समजावून सांगितलं आणि दिवा घालवला.

अंधारातून सौ.चा आवाज आला, "अहो, रकाना भरून झाला असेल तर जरा लावा. मी अजून जेवतेय."