तार अँटेना : लांबी व जुळणी
हौशी रेडिओत अर्धतरंग डायपोल हा सर्वांत भरवशाचा तार अँटेना. त्याची मीटरमधील लांबी काढायला 143 ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागतात. टोकांच्या परिणामामुळे 150 ऐवजी 143. 7.1 मेगाहर्ट्झला ती 20.14 मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू 10.07 मीटर. उज्जैनहून सुमारे 550 किमीवरच्या पुण्याशी दिवसा बोलायला 7 मेगाहर्ट्झचा हा पट्टा सोयीचा. गच्चीवर कमी उंचीला बांधलेली तारही चालते, कारण लहरी वर जाऊन आयनांबरावरून परततात. मात्र काँक्रीटमधील सळया व शेजारचे पत्रे अनुनाद खाली ओढतात. तो 6.95 मेगाहर्ट्झवर आढळला, तर प्रत्येक बाजू सुमारे 21 सेंमी आखूड करावी. तार आधी दुमडून एसडब्ल्यूआर (स्थायी तरंग गुणोत्तर) पाहावा, मगच कापावी. वीजतारांजवळ अँटेना कधीही ताणू नये.