रसिकांचे देणे

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले म्हणजे मंचर, कळंब मागे टाकून मीना नदीच्या काठी नारायणगाव येते. गुढीपाडव्याच्या सुमारास या गावी गेलेल्या परक्या माणसास एक निराळाच बाजार दिसतो. रस्त्याच्या कडेला राहुट्या पडलेल्या असतात. प्रत्येक राहुटीवर एकेका फडाच्या नावाचा फलक, आत गादी, गादीवर वही उघडून बसलेला फडाचा माणूस आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसलेले यात्रा कमिटीचे चार गावकरी. येथे धान्य विकत नाहीत की गुरे विकत नाहीत. येथे रात्री विकतात. अमक्या गावच्या यात्रेची रात्र कोणत्या फडाची, हे येथे ठरते आणि सुपारी दिली जाते. जुन्नर-आंबेगावची माणसे तर येतातच, पण खेड, शिरूर, पारनेर, संगमनेरकडचीही येतात. म्हणून नारायणगावास लोक तमाशाची पंढरी म्हणतात.

पंढरी हा शब्द आपण सहज वापरून टाकतो. चंद्रभागेच्या वाळवंटात एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडतो, आणि समोरच्याची जात विचारून मग वाकत नाही. तमाशाच्या पंढरीचे जे वारकरी, म्हणजे तुम्हीआम्ही रसिक, ते फडातल्या माणसांशी कसे वागत आले, हा या लेखाचा विषय आहे. तो सुखाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना घोड नदीच्या खोऱ्यातील एका गावच्या यात्रेस तात्यांबरोबर गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. नाव सांगितल्याने इतर गावे उगाच सुटल्यासारखी होतील. दुपारी फडाची गाडी आली. तंबूच्या मेखा ठोकणे चालू असता दोन बाया कळशी घेऊन वस्तीवरच्या एका घरी पाणी मागावयास आल्या. घरातल्या म्हातारीने पाणी दिले; नाही म्हटले नाही. पण कळशीस आपले भांडे लागू नये म्हणून तिने हात उंच करून वरून धार धरली. निम्मे पाणी मातीत गेले. रात्री त्याच घरचा कर्ता पुरुष पहिल्या रांगेत बसून दौलतजादा करीत होता. पहाटेकडे रंग चढला, आणि मागून कोणीतरी नाचणाऱ्या बाईस तिच्या जातीवरून एक हाळी घातली. ती येथे लिहिण्यासारखी नाही. सारा जमाव हसला. मीही हसलो. बाई क्षणभर थांबली, ढोलकीवाल्याकडे तिने पाहिले, आणि पुढचा अंतरा घेतला. तीस वर्षे झाली. ती हाळी कोणी घातली ते मला आठवत नाही. माझे हसणे मात्र आठवते.

कोणी म्हणेल, जत्रेतल्या टवाळखोराची एक शिवी, तिचा इतिहास तो काय लिहावयाचा! परंतु या शिवीस इतिहास आहे, आणि तो मोठा आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळी लावणी भरास आली तेव्हा तिच्या दरबारात सर्व जातींची माणसे होती. रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान. आपल्या शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदीही त्याच मेळ्यातला. दुसऱ्या बाजीरावाने या कलेस आश्रय दिला. तथापि बोर्डावर नाचणारी, ढोलकी-हलगी वाजविणारी, सोंग घेणारी माणसे मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या जातींतूनच येत राहिली. पेशवाई बुडाली, वाड्यातला आश्रय गेला आणि तमाशा गावोगावच्या यात्रांच्या आधाराने जगू लागला. गावाने त्याला उरावर घेतले खरे, पण वेशीच्या आत घेतले नाही. सकाळी देवापुढे हजेरी लावावयाची ती फडानेच. पण ज्या गावात देऊळ त्यांना बंद होते, तेथे ती हजेरी बाहेरूनच लागे. देवास कला चालत होती, कलावंत चालत नव्हता.

सीमा ओलांडणाऱ्याचे काय होते, हे पठ्ठे बापूरावांनी दाखविले. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866 चा. कुलकर्णीपण सोडून ते फडात गेले आणि हिवरगावच्या पवळेबरोबर उभे राहिले. पवळा महार समाजातली. या जोडीने मुंबई वेडी केली. ज्यांनी त्यांच्या लावण्या पाठ केल्या त्यांच्यातल्याच पुष्कळांनी बापूरावांना वाळीत टाकले. त्यांच्या कवनास घरात जागा होती, त्यांना नव्हती. अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले.

या तिरस्कारास उत्तरे दिली गेली नाहीत असे मात्र नाही.

पहिले उत्तर सत्यशोधकांचे. महात्मा फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले. जुन्नर तालुक्यात या विचाराने लवकर मूळ धरले. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीवाचून लग्ने लावली आणि त्यावरून कज्जेखटले ओढवून घेतले. पुढे सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला. ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच. पण टवाळीचा नेम उलटा फिरविला. आजवर जो हसत होता त्याच्याकडे आता बोट गेले.

दुसरे उत्तर डॉ. आंबेडकरांचे, आणि ते फार कठोर होते. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न मदत म्हणून देऊ केले. बाबासाहेबांनी ते घेतले नाही. आमच्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा आमच्या मुक्तीसाठी नको, असा त्यांचा भाव होता. बापूरावांवर यात अन्याय झाला असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. बाबासाहेब एका कवीस नाकारीत नव्हते. ज्या टाळीत शिवी दडलेली आहे ती टाळीच ते नाकारीत होते. त्यांच्या मागे भीमराव कर्डकांसारखे शाहीर आंबेडकरी जलसा घेऊन निघाले आणि त्यातून बाईचा नाच वगळला गेला.

तिसरे उत्तर अण्णा भाऊ साठ्यांचे. 1920 साली वाटेगावी मांग कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. त्यांनी गणातला गणपती काढून तेथे मातृभूमीस व कष्टकऱ्यास वंदन ठेवले, गवळण वगळली आणि वगात गिरणी कामगार व शेतकरी उभा केला. तमाशाचे ‘लोकनाट्य’ होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली व पुढे अटी लादून ती उठविली. सरकारला बोर्डावरची अश्लीलता दिसली. कनातीत बसलेल्यांच्या तोंडची अश्लीलता मात्र कोणत्याही अटीत आली नाही.

चौथे उत्तर आपल्या नारायणगावचे. शिरूर तालुक्यातील कवठे यमाईच्या नारायण खुडे यांनी फड उभा केला. त्यांचे पुत्र भाऊ आणि बापू यांनी तो नावारूपास आणला. भाऊंची लेक विठाबाई. जन्म 1935 चा, पंढरपूरचा. या घराण्याने फलकावर नाव लावले ते ‘मांग नारायणगावकर’ असे. वाचकहो, या नावाकडे जरा थांबून पाहा. मागच्या रांगेतून जो शब्द शिवी म्हणून फेकला जाई, तोच त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून गाडीवर लावला. तिकीट काढावयाचे तर तो शब्द वाचूनच आत यावे लागे. शिवीतली हवा काढून घेण्याचा इतका साधा उपाय मी दुसरा पाहिला नाही.

तरीही ही चारही उत्तरे कोणी दिली ते मोजून पाहा. अपमान ज्यांचा झाला त्यांनी, किंवा त्यांच्या बाजूने लढावयास निघालेल्यांनी. आम्ही रसिकांनी काय केले? आम्ही तिकीट काढले.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते अमेरिकेतील त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडविण्याच्या कामी उदारपणा दाखविला. येथील जात आणि तेथील वर्ण यांचे नाते त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले. म्हणून तिकडचाच एक दाखला देतो. मेरियन अँडरसन ही काळी गायिका. युरोपने तिला डोक्यावर घेतले होते. 1939 साली वॉशिंग्टनमधील एका मोठ्या सभागृहात तिचे गाणे ठरवू लागले, तेव्हा सभागृहाच्या मालकीण असलेल्या महिलांच्या संस्थेने तिला जागा नाकारली. त्या संस्थेच्या सभासदांत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट होत्या. त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. पुढे 9 एप्रिल रोजी लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आभाळाखाली मेरियन अँडरसन गायल्या आणि सुमारे 75,000 माणसांनी ते गाणे ऐकले. गाणे तर त्या कोठेही गायल्या असत्या. पण या प्रसंगी अपमानास उत्तर अपमानिताने एकटीने दिले नाही. अपमान करणाऱ्यांच्या पंक्तीत बसलेली एक बाई पानावरून उठली.

आपल्याकडे असे कधी घडलेच नाही काय? घडले आहे, आणि तेही विठाबाईंच्याच खेळात. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचावयास बाहेर आल्या. मघाशी दिसलेले पोट आता दिसत नाही, हे लोकांच्या ध्यानी आले. चौकशी झाली. आणि खरे काय ते समजताच त्याच लोकांनी, पैसे मोजून बसलेल्या त्याच रसिकांनी, खेळ थांबवा म्हणून सांगितले. बाईंना विश्रांती घ्या म्हणून विनविले.

ही गोष्ट आपण नेहमी विठाबाईंच्या धैर्याची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण शाळामास्तर म्हणून मला त्यातला दुसरा धडा अधिक उपयोगाचा वाटतो. ज्या कनातीतून शिट्ट्या येतात तीच कनात एका रात्री माणसासारखी वागू शकली. म्हणजे आम्हांस ते जमत नाही, असे म्हणण्याची सोय उरत नाही. बाळंतिणीस पाहून जी लाज वाटली, ती इतर रात्री वाटावयास काय हरकत होती?

पुढे 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा गौरव झाला. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या; अखेरच्या आजारात दवाखान्याचा खर्च भागविण्यास दात्यांपुढे हात पसरावे लागले. 2006 पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. पदक, पुरस्कार, सारे योग्यच आहे. परंतु हे सरकारचे देणे झाले. रसिकांचे देणे त्याने फिटत नाही.

दोन वर्षांमागे चैत्रात मी पुन्हा एका यात्रेस गेलो. गण झाला, गवळण झाली, आणि माझ्या मागच्या रांगेतून तीच हाळी आली. शब्ददेखील फारसे बदललेले नव्हते. बसलेली माणसे हसली. माझ्या घशास कोरड पडली, हे कबूल करतो. कोणाशी भांडण्याचा माझा पिंड नाही. मी मागे वळलो आणि म्हणालो, “दादा, बाईचं नाव बोर्डावर लिहिलंय. हाक मारायची तर नावानं मारा.”

तो उठून उभा राहिला. उजेडात आला तेव्हा मी त्यास ओळखले, त्याने मला ओळखले.

“गुरुजी, तुम्ही? तुम्ही बी येता व्हय तमाशाला?”

त्यास चौथीत मीच शिकविले होते. शिवछत्रपतींचा इतिहास शिकविला होता, सनावळ्या पाठ करून घेतल्या होत्या. पठ्ठे बापूरावांची पवळा किंवा नारायणगावची विठा कोण, हे कधी सांगितले नव्हते. तो खाली बसला. त्या रात्री त्याने पुन्हा हाळी घातली नाही. लाज वाटली म्हणून, की गुरुजी पुढे बसले म्हणून, ते मला कळले नाही. शेजारचे एक म्हातारे बाबा मात्र माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, “बरं केलंत. मला कवाधरनं म्हणायचं हुतं.”

कवाधरनं! मलाही तीस वर्षे म्हणावयाचे होते. कनातीत असे किती जण बसले असतील, प्रत्येक जण दुसरा कोणी बोलेल म्हणून वाट पाहत! हसणाऱ्यांचा आवाज मोठा असतो, म्हणून ते पुष्कळ वाटतात. न हसणारे किती, हे कोणी एक जण बोलल्यावाचून कळत नाही.

यंदाच्या पाडव्यालाही नारायणगावी राहुट्या पडतील. कमिटीची माणसे गादीवर बसून सुपारी ठरवतील, दर ठरवतील, रात्र ठरवतील. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवावी, अशी माझी विनंती आहे: आलेल्या माणसांस पाणी कोणाच्या घरचे, आणि ते कळशीला भांडे लावून.