विवाहाची अट आणि सनदी सेवेतील पहिल्या स्त्रिया

केवळ लिंगभेदाच्या कारणावरून कोणाही नागरिकास सरकारी नोकरी नाकारता येणार नाही, अशी हमी भारतीय राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने दिली. तरीही १९५० नंतर जवळजवळ तीन दशके वरिष्ठ सेवांमधील स्त्रियांचे स्थान सेवानियमांवर, म्हणजे नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या सरकारी नियमांवर, अवलंबून राहिले. ‘पहिली महिला अधिकारी’ अशा बिरुदांचे कौतुक करताना हा नियमांशी झालेला झगडा विसरला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

१९५१ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत निवड झालेल्या अ‍ॅना राजम जॉर्ज (विवाहानंतर मल्होत्रा) यांना मुलाखत मंडळाने परराष्ट्र किंवा अन्य केंद्रीय सेवा स्वीकारण्याचे सुचवले होते, परंतु त्या आपल्या निवडीवर ठाम राहिल्या. विवाह केल्यास सेवा संपुष्टात येईल, असे त्यांच्या नियुक्तिपत्रात नमूद होते. पुढे नियम बदलल्यामुळेच त्यांची कारकीर्द अखंड राहिली आणि मुंबईसमोरच्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा त्यांच्याकडे आली.

परराष्ट्र सेवेतील नियम अधिक जाचक होते. १९४९ मध्ये या सेवेत आलेल्या, कूर्गच्या सी. बी. मुथम्मा यांना विवाह केल्यास राजीनामा देण्याचे हमीपत्र लिहून द्यावे लागले. १९६१ च्या नियमांनुसार महिला अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घेणे बंधनकारक होते. शिवाय घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असे सरकारला वाटल्यास विवाहानंतर केव्हाही तिला राजीनामा देण्यास सांगता येत असे. पुरुष अधिकाऱ्यांसाठी अशी तरतूद नव्हती, आणि नेमका हाच भेद, वरच्या श्रेणीतील बढती नाकारली गेल्यावर, मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयात मांडला.

याचिका प्रलंबित असतानाच सरकारने त्यांना बढती दिली, त्यामुळे १९७९ मध्ये न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. मात्र घरच्या जबाबदाऱ्या पुरुषाच्याही कामाच्या आड येऊ शकतात, हे निकालपत्रात स्पष्ट शब्दांत नोंदवले गेले. विवाहाच्या परवानगीचा नियम रद्द झाल्याचे आणि विवाहित स्त्रीचा नियुक्तीचा हक्क नाकारणारा दुसरा नियम वगळला जात असल्याचे सरकारने न्यायालयास सांगितले, आणि लिंगभेदाचा डाग पुसण्यासाठी सर्वच सेवानियमांची फेरतपासणी करावी, अशी गरज न्यायालयाने अधोरेखित केली.