दोन सह्यांचा कारभार

ग्रामपंचायतीचा चेक एका सहीवर वटत नाही. सरपंचाची सही लागते, ग्रामसेवकाचीही (आताच्या नावाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याची) लागते. आता चेकबुक मागे पडून डिजिटल सहीचे डोंगल आले, पण तेही दोघांचे वेगवेगळे. नागपूरचा रस्ता जिथे हिंगणघाटकडे आणि वरोरा-चंद्रपूरकडे फुटतो, त्या जाम चौरस्त्यावर कुणालाही याचं कारण विचारा. एकट्याच्या हाती पैसा नको, एवढं सरळ उत्तर मिळेल.

रोमकरांनीही हेच सांगितलं असतं. राजाला हाकलल्यावर, परंपरेप्रमाणे इ.स.पू. 509 मध्ये, त्यांनी कॉन्सलचं पद निर्माण केलं आणि त्यावर एकदम दोन माणसं बसवली, तीही वर्षभरासाठी. एकाने हुकूम काढला तर दुसऱ्याला तो अडवता येई. तिजोरीचा हिशेब क्वेस्टर पाहत. सामान्य लोक शहर सोडून निघून गेले तेव्हा त्यांच्या बाजूने आडवे पडायला ट्रिब्यून मिळाले. भारी संकटात सगळे अधिकार एका डिक्टेटरकडे जात, पण मुदत सहा महिने.

आमच्या भागात गाडी उलट्या दिशेने निघाली. 1862 मध्ये वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला आणि त्याच दशकातल्या बंदोबस्तात, भोसल्यांच्या काळी गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना इंग्रजांनी गावाचे मालक करून टाकलं. तेच मालगुजार. मालकी आण्यांत मोजायची. अख्खं गाव म्हणजे सोळा आणे. भावाभावांत वाटण्या झाल्या की कुणी आठ आण्यांचा मालगुजार, कुणी चार आण्यांचा. मग सरकारात सारा भरायचा कुणी? त्यासाठी हिस्सेदारांतून लंबरदार आला. गुन्ह्याची खबर आणि गावची व्यवस्था मुकद्दमाकडे. पदं दोन, पण वाडा बहुधा एकच. हाकारे द्यायला कोतवाल होता. रयतेला मात्र यात कुठेच मत नव्हतं, आणि बापाची जागा मुलाला मिळे.

31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. मध्य प्रांत-वऱ्हाडचा पंचायत कायदा 1946 चा, म्हणजे सरपंचाची खुर्ची मालगुजारी असतानाच मांडून झाली होती. पुढे 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि 1958 चा ग्रामपंचायत कायदा आला. वाड्यातलाच माणूस सरपंच झाल्याची उदाहरणं विदर्भात कमी नाहीत. खुर्ची खरी हलली ती आरक्षणाने: आधी 73 वी घटनादुरुस्ती, मग 2011 पासून महिलांना निम्म्या जागा.

सरपंच गावाने थेट निवडायचा की सदस्यांनी, यावर आपल्या सरकारांचा खेळ चालूच आहे. 2017 मध्ये थेट, 2020 मध्ये रद्द, 2022 मध्ये पुन्हा थेट. माझ्या मते वाद चुकीच्या जागी घातला जातो. रोमचा दुसरा कॉन्सलही लोकांनीच निवडलेला असे; आपली दुसरी सही सरकारी नोकराची. त्याची बदली झाली की तो मोकळा. आणि सरपंचबाईंचा डोंगल नवऱ्याच्या खिशात असेल, तर पहिली सहीही गावाची उरत नाही. तिथे बोलायचा अधिकार ग्रामसभेचाच. पुढच्या ग्रामसभेला जा आणि खर्च वाचून दाखवला की विचारा, या दोन सह्या नेमक्या कुणी केल्या?