बाराच्या आकड्याखालची सही

नकली घड्याळांचा धंदा मनगटी घड्याळांहून जुना आहे. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांना युरोपभर मान होता. साहजिकच ‘लंडन’ असे कोरलेली स्वस्त घड्याळे इतर देशांत बनू लागली.

पॅरिसचे अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३) यांच्या नावाच्या नकला तर त्यांच्या हयातीतच विकल्या जात. १७९५च्या सुमारास त्यांनी यावर तोड काढली. तबकडीवर, बाराच्या आकड्याजवळ, पँटोग्राफ यंत्राने अतिसूक्ष्म सही कोरायची. समोरून पाहिले तर ती जवळपास दिसत नाही. घड्याळ तिरके धरून कडेने उजेड पडू दिला की उमटते. इतका देखणा बंदोबस्त त्या काळात क्वचितच कुणी केला असेल! पण नकलाकार हुशार होते. पुढे तेही गुप्त सही कोरू लागले.

टिकली ती वही. ब्रेगेंच्या पेढीत विकलेल्या घड्याळाचा क्रमांक, वर्णन, गिऱ्हाईक आणि किंमत नोंदली जाई. त्या जुन्या वह्या आजही पेढीने जपल्या आहेत, आणि शंका आली की घड्याळ त्यांच्याशी ताडून पाहिले जाते. नुसता क्रमांक जुळून भागत नाही. यंत्र आणि केसही वर्णनाशी जुळावी लागते.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या स्विस घड्याळांच्या तबकड्या भारतात नव्याने रंगवून विकल्या जातात. परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आतले यंत्र अनेकदा अस्सल असते, चेहरा नसतो. म्हणून जुने घड्याळ घेताना तबकडीवर भाळू नका; मागचे झाकण उघडून दाखवायला सांगा.