अमेरिकेतला ‘समर’ म्हणजे सुट्टी की सत्र? एचआरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी अभ्यासक्रमांचं गणित

पुण्या-मुंबईत एमबीए करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘समर’ म्हटलं की एकच गोष्ट आठवते. पहिलं वर्ष संपल्यावर कंपनीत काढायचे ते आठ आठवडे, आणि त्यानंतर बाइंडिंग करून कॉलेजात जमा करायचा प्रोजेक्ट रिपोर्ट. हाच विद्यार्थी एचआर किंवा ऑर्गनायझेशनल मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायला अमेरिकेला गेला, की स्प्रिंगचं सत्र चालू असतानाच विद्यापीठाचा ई-मेल येतो : समर रजिस्ट्रेशन सुरू झालं आहे.

तिथे समर हे चक्क एक सत्र असतं. वर्ग भरतात, परीक्षा होतात आणि फी वेगळी भरावी लागते. ते सत्र घ्यायचं, इंटर्नशिप करायची, की तिकीट काढून घरी यायचं, हे दोन-तीन आठवड्यांत ठरवावं लागतं. निर्णय चुकला तर पैसे जातातच, पण काही वेळा व्हिसाही अडचणीत येतो.

उन्हाळी सत्र आलं कुठून?

अमेरिकी विद्यापीठांचं वर्ष साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं. डिसेंबरपर्यंत फॉल, जानेवारी ते मे स्प्रिंग, आणि मधल्या काळात समर. समरचे पुन्हा तुकडे असतात. काही कोर्स तीन-चार आठवड्यांचे, काही सहा किंवा आठ आठवड्यांचे, तर काही पूर्ण बारा आठवड्यांचे.

ही कल्पना जुनी आहे. हार्वर्डचं समर स्कूल १८७१ सालचं. आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाचे तिथले सुरुवातीचे वर्ग शाळामास्तरांसाठी होते, कारण मास्तरांना मोकळा वेळ मिळायचा तो उन्हाळ्यातच. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी वर्षाचे चार समान भाग केले आणि उन्हाळ्यालाही इतर सत्रांच्या बरोबरीचा दर्जा दिला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची सोय हा उन्हाळी वर्गांचा पाया होता. एचआरच्या पदव्युत्तर वर्गांत आजही अशा नोकरदारांची संख्या मोठी असते.

पंधरा आठवडे सहा आठवड्यांत कसे बसतात?

अमेरिकी केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार एका क्रेडिटसाठी साधारण १५ आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास स्वतःचा अभ्यास अपेक्षित असतो. कोर्सचा कालावधी कमी केला तरी कामाचं प्रमाण तेवढंच ठेवावं लागतं. ‘समरचा कोर्स म्हणजे हलका कोर्स’ ही समजूत इथेच मोडते.

हिशेब सोपा आहे. तीन क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला नऊ तास, म्हणजे १५ आठवड्यांत १३५ तास. हेच सहा आठवड्यांत बसवायचं तर आठवड्याला साडेबावीस तास होतात. दोन कोर्स एकदम घेतले तर ४५ तास, म्हणजे पूर्ण वेळ नोकरीपेक्षाही जास्त. त्यात एखाद्या आठवड्यात तापाने अंथरूण धरलं, तर नेहमीच्या सत्रातले अडीच आठवडे बुडाल्यासारखं होतं.

तुलनेसाठी, भारताच्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिक्षण. त्या मापाने अमेरिकेतले तीन क्रेडिट इथल्या साडेचार क्रेडिटच्या आसपास जातात.

कोणता विषय उन्हाळ्यात घ्यावा?

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या एचआर शिक्षणाची जुनी घरं बिझनेस स्कूलच्या बाहेर आहेत. कॉर्नेल विद्यापीठाचं इंडस्ट्रियल अँड लेबर रिलेशन्स स्कूल १९४५ मधलं, तर इलिनॉय विद्यापीठाची अशीच संस्था १९४६ मधली. दुसरं महायुद्ध संपता संपता तिथे संपांची मोठी लाट आली होती, आणि मालक व युनियन या दोघांशीही बोलता येईल अशी माणसं हवी होती. रटगर्स आणि मिशिगन स्टेट विद्यापीठांच्या एचआर विभागांच्या नावांतही ‘लेबर रिलेशन्स’ टिकून आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘एचआरएम अँड लेबर रिलेशन्स’ हा अभ्यासक्रम ज्यांना माहीत आहे, त्यांना हे नाव ओळखीचं वाटेल.

त्यामुळे या पदव्यांत दोन प्रकारचे विषय शेजारी शेजारी असतात. एकीकडे ऑर्गनायझेशनल बिहेवियर, नेतृत्व, प्रशिक्षण, वेतनरचना आणि एचआर अॅनालिटिक्स. दुसरीकडे कामगार कायदा आणि सामूहिक वाटाघाटी.

उन्हाळ्यात सगळ्यात चांगला जमणारा विषय म्हणजे निगोशिएशन. त्यात व्याख्यानं कमी आणि सराव जास्त. दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळी गुप्त माहिती देऊन पगार किंवा करार ठरवायला बसवतात, मग दोघांचे पत्ते उघडून कोण कुठे घसरलं ते पाहतात. हे आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा सलग केलं तर जास्त मुरतं. ऑर्गनायझेशनल बिहेवियरही केस स्टडीवर चालतं, त्यामुळे ते कमी दिवसांत निभावतं.

आकडेवारीचं तसं नाही. रिग्रेशन समजायला, चुकायला आणि पुन्हा करून पाहायला मधे दिवस जावे लागतात. ज्याचं गणित बारावीनंतर सुटलं आहे, त्याने एचआर अॅनालिटिक्स सहा आठवड्यांत उरकायला जाऊ नये.

कामगार कायद्याचा कोर्स भारतीय विद्यार्थ्यांना वेगळ्याच कारणाने जड जातो. तिथली सुरुवातच उलटी आहे. बहुतेक खासगी नोकऱ्या ‘अॅट-विल’ असतात. म्हणजे करारात वेगळं काही नसेल, तर मालक नोटीस किंवा कारण न देताही नोकरी संपवू शकतो. मात्र ते कारण कायद्याने मना केलेलं नसावं. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव केला तर १९६४ चा नागरी हक्क कायदा आडवा येतो, आणि युनियन केली म्हणून काढलं तर १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा. त्यावर राज्याराज्यांचे कायदे वेगळे. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कामगार न्यायालय या चौकटीत विचार करायची सवय असलेल्याला ही मांडणी डोक्यात बसायला वेळ लागतो. शिवाय निकालपत्रं वाचावी लागतात, तीही भरपूर.

व्हिसाचा नियम काय सांगतो?

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला फॉल आणि स्प्रिंगमध्ये पूर्ण वेळ शिकावं लागतं. पदव्युत्तर पातळीवर पूर्ण वेळ म्हणजे किती क्रेडिट, ते विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ते नऊ असतात. समर ही वार्षिक सुट्टी धरली जाते. विद्यार्थी सुट्टीला पात्र असेल आणि पुढच्या सत्रात परतणार असेल, तर उन्हाळ्यात शून्य क्रेडिट घेतले तरी चालतात. एखादाच कोर्स घेतला, तो ऑनलाइन घेतला, अगदी घरी कोल्हापूरला बसून केला, तरी हरकत नसते. मे-जूनमध्ये घरी येऊन हापूसच्या शेवटच्या पेट्या गाठायच्या असतील, तर परत जाताना आय-२० वर प्रवासाची सही असली पाहिजे. ती निघण्याआधीच घ्यावी लागते.

अडचण अपवादांमध्ये आहे. ज्याचा प्रवेशच समरमध्ये झाला आहे, त्याच्यासाठी ती सुट्टी नसते. त्याला पहिल्या सत्राप्रमाणे पूर्ण वेळ शिकावं लागतं. जो जानेवारीत दाखल झाला, त्याचं मेमध्ये पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं नसतं, म्हणून त्याने सुट्टीबद्दल आधी विद्यापीठातल्या डीएसओला, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विचारावं. सीनियर मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं उत्तर त्यांच्या विद्यापीठापुरतं खरं असू शकतं.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. व्हिजिटर व्हिसावर मुलाकडे गेलेल्या पालकाला किंवा नातेवाइकाला पदवीसाठी क्रेडिट मिळणारा कोर्स करता येत नाही, तो दोन आठवड्यांचा असला तरी.

काम करण्यासाठी फी भरायची?

एचआरमध्ये समर इंटर्नशिपचं वजन मोठं आहे. कंपन्या पुढच्या वर्षीच्या नेमणुका बऱ्याचदा याच इंटर्नमधून करतात. पण एफ-१ विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर काम करायचं तर सीपीटी, म्हणजे करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंगची परवानगी लागते. ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सुरुवातीपासूनच असं प्रशिक्षण सक्तीचं असतं, त्यांनाच यातून सूट आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये गेलेल्याला पहिल्याच उन्हाळ्यात काम करता येतं, जानेवारीत गेलेल्याला सहसा नाही. प्रवेश घेताना एका सत्राचा हा फरक फारसा कुणी मोजत नाही.

सीपीटीची अट अशी की काम हे अभ्यासक्रमाचा भाग असलं पाहिजे. म्हणून अनेक विद्यापीठं विद्यार्थ्याला ‘इंटर्नशिप’ नावाच्या एक ते तीन क्रेडिटच्या कोर्सला नाव नोंदवायला लावतात, आणि समरमध्ये फी प्रत्येक क्रेडिटमागे असते. समजा एका क्रेडिटला १,००० डॉलर पडत असतील आणि कोर्स तीन क्रेडिटचा असेल, तर कंपनीत पाऊल टाकण्याआधी ३,००० डॉलर विद्यापीठाला द्यायचे. इंटर्नशिपला पगार असेल तर ते भरून निघतात. पगार नसेल तर विद्यार्थी काम करण्याचे पैसे मोजतो, असंच म्हणावं लागेल. काही विद्यापीठांत यासाठी शून्य क्रेडिटचा कोर्स असतो. प्रवेशाआधी रँकिंगसोबत एवढं विचारून घेतलं, तर बराच खर्च वाचू शकतो.

पूर्ण वेळ सीपीटी एकूण बारा महिने किंवा जास्त झालं, तर पदवीनंतरच्या ओपीटीचा हक्क जातो. एका उन्हाळ्याच्या तीन महिन्यांनी तसं काही होत नाही.

एचआर अॅनालिटिक्स घेतलं की पदवी ‘स्टेम’ होते का?

नाही. हा गैरसमज मात्र जोरात आहे. ओपीटी सर्वांना बारा महिने मिळते. ज्यांची पदवी सरकारच्या स्टेम यादीत बसते, त्यांना आणखी २४ महिने मिळू शकतात. मानव संसाधन व्यवस्थापनाचा नेहमीचा कोड या यादीत नाही. काही विद्यापीठांनी मात्र आपला एचआर अभ्यासक्रम वेगळ्या, यादीतल्या कोडखाली नोंदवला आहे. त्यामुळे जवळपास सारखेच विषय शिकलेल्या दोघांपैकी एकाला नोकरीसाठी एक वर्ष मिळतं आणि दुसऱ्याला तीन. उन्हाळ्यात आकडेवारीचा एखादा कोर्स घेऊन हा कोड बदलत नाही. तो पदवीचा असतो आणि आय-२० वर छापलेला असतो.

एच-४ वर असलेल्यांसाठी

उन्हाळी वर्गांचा आणखी एक मराठी वाचक आहे. पुण्याच्या आयटी कंपनीत काही वर्षं एचआर सांभाळून, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-१बी मागोमाग अमेरिकेत गेलेली व्यक्ती. एच-४ व्हिसावर शिकायला परवानगी आहे, आणि पूर्ण वेळ शिकण्याची सक्तीही नाही. पदवीला प्रवेश न घेता ‘नॉन-डिग्री’ विद्यार्थी म्हणून कामगार कायद्याचा किंवा वेतनरचनेचा एखादा कोर्स करता येतो. भारतातला अनुभव आणि तिथला कायदा यांतली फट भरून काढायला तो उपयोगी पडतो.

कामाची परवानगी ही वेगळी बाब आहे. २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना ती मिळते, प्रामुख्याने ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे त्यांना. हे क्रेडिट पुढे पदवीत धरले जातील की नाही, हे त्या त्या विद्यापीठावर असतं. सहसा मोजकेच क्रेडिट घेतात आणि त्यातही किमान ‘बी’ ग्रेड मागतात. दुसऱ्या विद्यापीठात समर कोर्स करणाऱ्या नियमित विद्यार्थ्यालाही अशाच अटी लागू होतात, आणि त्याने लेखी मंजुरी फी भरण्याआधी घ्यायची असते.

शेवटचं सत्र समरमध्ये आलं तर?

काही जण स्प्रिंगमध्ये एक विषय राहिला म्हणून तो उन्हाळ्यात पूर्ण करतात. अशा वेळी समर हे सुट्टीचं नव्हे, तर पदवीचं शेवटचं सत्र ठरतं. उरलेले क्रेडिट कमी असतील तर डीएसओच्या मंजुरीने कमी कोर्स घेऊन चालतं, पण तो एकमेव कोर्स पूर्ण ऑनलाइन असून चालत नाही. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. शेवटची तारीख मेऐवजी ऑगस्टमध्ये गेली की ही मुदतही तेवढीच पुढे सरकते. म्हणून मेमध्ये पदवी संपेल असं गृहीत धरून जूनपासूनची नोकरी स्वीकारली असेल, तर आय-२० वरची तारीख बदलण्याआधी कंपनीला कळवावं लागतं.